ध्वनीची भिंत, आघाताची पायघडी

एखाद्या विमानाने आवाजापेक्षा अधिक वेग गाठला की आपली वृत्तपत्रे 'ध्वनीची भिंत फोडली' असे लिहितात. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला आणि मराठीत इतका मुरला, की त्याचे परकेपण आता कोणाला जाणवत नाही. त्यामागची प्रतिमा मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. एक भिंत आहे, तिच्यावर धडक मारणारा एक वीर आहे, भिंत कोसळल्याचा एकच प्रचंड आवाज आहे आणि त्यापलीकडे मोकळे मैदान आहे. ही कथा वैमानिकाच्या बाजूने सांगितलेली आहे. खाली जमिनीवर कोण होते, हे ती विचारीत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळची एक भिंत ठाऊक आहे. चांगदेवांना सामोरे जाताना ज्ञानेश्वरादी भावंडांनी चालविलेली. स्वनातीत विमानाच्या बाबतीत घडते ते या आख्यायिकेशी अधिक जुळते. विमान ज्या भिंतीला भेदते असे आपण म्हणतो ती एका जागी उभी नसते; विमान स्वतःच ती निर्माण करते आणि ध्वनीहून अधिक वेगाने उडत असेपर्यंत ती त्याच्याबरोबर चालत राहते. शास्त्रात तिला आघाततरंग म्हणतात. ('स्वनातीत' या शब्दातला 'स्वन' आमच्या विद्यार्थ्यांना भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेतून परिचित असतो. विमानविद्येत तो भेटला की ते चकित होतात. 'ध्वनातीत' हे रूपही छापलेले दिसते. आम्हांला पहिले अधिक सुटसुटीत वाटते.)

ठाण्याच्या खाडीत संथ पाण्यातून एखादी यांत्रिक होडी वेगाने जाते तेव्हा तिच्या नाळेपासून दोन्ही बाजूंना पाण्याची तिरपी रेघ उमटते. होडी पाण्यावरील लाटांहून वेगवान असल्याने तिने उठविलेल्या लाटांना तिच्यापुढे पळता येत नाही; त्या एकमेकींवर चढून एकच धारदार लाट होते. हवेतही असेच होते. विमान पुढे सरकताना हवेत दाबाचे सूक्ष्म बदल उठतात व ते ध्वनीच्या वेगाने सर्व दिशांना पसरतात. हा वेग समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, आणि उंचावरील थंड हवेत ताशी १,०६० किलोमीटरपर्यंत उतरतो. विमान याहून सावकाश जात असेल तर पुढच्या हवेला त्याची वर्दी आधीच मिळते आणि ती बाजूला सरकते. विमान अधिक वेगवान असेल तर वर्दी पोचत नाही. मग हवेला एका अत्यंत पातळ थरात, एका क्षणात दाब, तापमान व घनता बदलून घ्यावी लागते. हा थर शंकूच्या आकाराने विमानामागे पसरतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाला त्या शंकूची बाजू उड्डाणरेषेशी तीस अंशांचा कोन करते. वेग वाढेल तसा शंकू निमुळता होतो.

हे सर्व विमानाच्या जन्माआधीच माहीत झाले होते. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात बंदुकीच्या गोळीचे दोन आवाज ऐकू येतात, याकडे लोकांचे लक्ष गेले होते. एक बंदुकीचा, दुसरा खुद्द गोळीचा. प्रागमध्ये अध्यापन करणारे एर्न्स्ट माख यांना हे कोडे सोडवायचे होते. त्यांच्या सूचनेवरून फियूमे येथील नाविक अकादमीतील पेटर साल्खर यांनी १८८६ मध्ये उडत्या गोळीचे छायाचित्र घेतले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. गोळीच्या टोकापासून निघालेली व शेपटीमागून निघालेली, अशा दोन तिरप्या रेघा त्यात स्पष्ट दिसतात. अदृश्य हवेचे असे चित्र उतरविण्याची युक्ती आउगुस्ट टोप्लर यांची. वेगाच्या मापाला माख यांचे नाव पुढे, १९२९ मध्ये, याकोब आकेरेट यांनी दिले.

मग 'भिंत' कोठून आली? १९३५ मध्ये डब्ल्यू. एफ. हिल्टन हे ब्रिटिश संशोधक पत्रकारांना एक आलेख दाखवीत होते. ध्वनिवेगाजवळ येताच पंखाला होणारा हवेचा विरोध कसा एकाएकी उभा चढतो, हे त्यांना समजावून द्यायचे होते. आलेखातील त्या चढाला त्यांनी अडसराची उपमा दिली आणि वृत्तपत्रांनी उपमेयाचा त्याग करून उपमान तेवढे उचलले. अलंकारशास्त्राच्या वर्गात अतिशयोक्ती शिकविताना आम्हांला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी बेल एक्स-१ हे रॉकेटविमान ध्वनिवेगाच्या १.०६ पट नेले, तेव्हा 'भिंत पडली' हे सर्वतोमुखी झाले. त्या विमानाचा आकार बंदुकीच्या गोळीवरून बेतलेला होता. गोळी ध्वनीहून वेगाने स्थिर जाते हे माख यांच्या काळापासून ठाऊक होते.

विरोध चढतो तो काल्पनिक मात्र नव्हे. विमान ध्वनिवेगाखाली असतानाच पंखाच्या फुगीर पाठीवरून वाहणारी हवा स्थानिक पातळीवर ध्वनिवेग ओलांडते, तेथे लहान आघाततरंग बसतो, त्याच्यामागे प्रवाह पंखापासून सुटतो, विमान थरथरते, सुकाणू निकामी होतात. यावरचे उपाय आकाराचे होते. पंख मागे झुकविणे, ते पातळ करणे, पंख जोडले जातात तेथे धड कमरेसारखे आवळणे. झुकत्या पंखांची कल्पना आडोल्फ बूझेमान यांनी १९३५ सालीच मांडली होती.

बूझेमान, आकेरेट ही सारी मंडळी गटिंगेनच्या लुडविग प्राण्टल यांच्या परंपरेतील. त्याच गटिंगेनला १९३० च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला एक मराठी तरुण प्राण्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होता. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा. तिरप्या आघाततरंगाचे गणित मांडणारा टेओडोर मायर यांचा प्रबंध प्राण्टल यांच्याच मार्गदर्शनाखाली त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. हा निव्वळ योगायोग, पण नोंदवावासा वाटतो. घाटगे यांनी परतून बंगळूरला अध्यापन केले, हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये संकल्पनाचे काम उभे केले आणि १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान घडविले. ते पंख्याचे, संथ विमान. आघाततरंगाच्या विद्येच्या उगमाशी शिकलेल्या माणसाला मायदेशी प्रथम जे करावे लागले ते ताशी दोनशे किलोमीटरच्या टप्प्यातले होते, आणि ते त्यांनी निष्ठेने केले. मराठीत त्यांच्यावर जेवढे लिहिले जायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही.

जर्मन संकल्पक कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळूरला आले तेव्हा तेथे घाटगे यांच्या पिढीने घडविलेला हाताचा व डोक्याचा सराव होता. १७ जून १९६१ रोजी एचएफ-२४ 'मरुत' प्रथम उडाले. पंख झुकलेले, कंबर आवळलेली. आकाराने ते दुप्पट ध्वनिवेगाचे विमान होते. ज्या शक्तिशाली इंजिनाच्या भरवशावर आकार ठरविला त्या इंजिनाचा प्रकल्पच ब्रिटनमध्ये गुंडाळला गेला, आणि दुबळ्या इंजिनावर मरुत सपाट उड्डाणात ध्वनिवेगाचा उंबरठा जेमतेम शिवू शकले. नाव वाऱ्याच्या देवाचे, गती उंबरठ्यावरची. तरीही आघाततरंगाशी कसे वागावे याचा विचार येथल्या मातीत, येथल्या कागदावर झाला होता, ही गोष्ट आम्हांला वेगाहून महत्त्वाची वाटते.

महाराष्ट्रात स्वनातीत युग आले ते दुसऱ्या वाटेने. मिग-२१ भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये दाखल झाले, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला त्याचा कारखाना उभा राहिला. इंजिने ओडिशातील कोरापुटची, सांगाडा ओझरचा. सुमारे साडेसहाशे मिग-२१ येथून बाहेर पडली. या विमानाच्या नाकात एक टोकदार शंकू असतो. पाहणाऱ्याला तो शस्त्रासारखा वाटतो. वास्तविक तो आघाततरंगाला वळण लावण्याचे साधन आहे. जेट इंजिनाच्या पात्यांना ध्वनीहून वेगवान हवा चालत नाही, तिला आधी मंदावावे लागते. हे काम एकाच उभ्या आघाततरंगावर सोपविले तर हवेचा बराचसा दाब वाया जातो. शंकूच्या टोकापासून आधी एक तिरपा तरंग निघू दिला, त्याने वेग थोडा उतरविला, आणि उरलेले काम तोंडाशी बसलेल्या सौम्य उभ्या तरंगाने केले, तर नुकसान पुष्कळ कमी होते. वेग बदलला की तिरप्या तरंगाचा कोन बदलतो. म्हणून शंकू पुढेमागे सरकतो आणि तरंगाला इंजिनाच्या तोंडाच्या काठाशी धरून ठेवतो. ज्या तरंगाला भिंत म्हणून भ्यायचे, त्यालाच दारावर नोकरीला ठेवायचे, अशी ही तोड आहे. ओझरच्या कामगारांनी ती शेकडो वेळा धातूत उतरविली. मात्र शंकू इतकाच लांब का, इतकाच का सरकतो, याचा हिशेब परवान्याबरोबर आला नाही, असे परवान्याच्या उत्पादनाचा एकंदर इतिहास पाहता म्हणावे लागते.

येथवरची कथा विमानाच्या बाजूची झाली. जमिनीच्या बाजूची कथा मुंबईशी जोडलेली आहे.

ब्रिटन व फ्रान्स मिळून जे कॉन्कॉर्ड विमान बांधीत होते, त्यापैकी दोन विमानांसाठी एअर इंडियाने १९६० च्या दशकात आपला हक्क राखून ठेवला होता. जे. आर. डी. टाटांची ही कंपनी तेव्हा जगातील नामवंत विमानकंपन्यांत गणली जाई. १९६० मध्ये बोइंग ७०७ आणून ती आशियातील पहिली जेट-कंपनी ठरली होती, आणि पुढची पायरी ध्वनीपलीकडची असणार याबद्दल त्या काळी कोणाला शंका नव्हती. शंभरेक उतारू, दुप्पट ध्वनिवेग, सतरा-अठरा किलोमीटरची उंची. मुंबईहून लंडन म्हणजे जणू दादरहून पुणे, असे स्वप्न होते.

ते स्वप्न महागाईने व १९७३ च्या तेलसंकटाने विरले, असे सामान्यतः सांगतात, आणि ते खरेही आहे. जानेवारी १९७३ मध्ये पॅन ॲम व टीडब्ल्यूए या बड्या अमेरिकी कंपन्यांनी अंग काढून घेतले, मग इतरांनी. एअर इंडियाचा हक्कही १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत संपला. पण नकाशा समोर घेतला तर आणखी एक कारण दिसते. लंडन ते न्यूयॉर्क हा मार्ग जवळजवळ सबंध समुद्रावरून जातो. मुंबई ते लंडन हा मार्ग अरबी समुद्र संपल्यावर बहुतांश माणसांच्या वस्तीवरून जातो. आणि कॉन्कॉर्डचा आघाततरंग वस्तीला नको होता.

विमानाचा शंकू जमिनीला टेकतो तेव्हा खालच्या माणसाला एक जोडधमाका ऐकू येतो. पहिला नाकाकडच्या तरंगाचा, दुसरा शेपटीकडचा. साल्खरच्या छायाचित्रातल्या दोन रेघाच त्या. विमान दुप्पट ध्वनिवेगाने सतरा किलोमीटर उंचीवरून जात असेल तर धमाका पोचेपर्यंत ते पंचवीस-तीस किलोमीटर पुढे गेलेले असते. कॉन्कॉर्डच्या धमाक्याने हवेचा दाब सुमारे शंभर पास्कलने वाढत असे, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा एक हजारांश. आकडा किरकोळ दिसतो. परंतु एक चौरस मीटरच्या तावदानावर तो दहा किलोच्या ओझ्याइतका भार क्षणार्धात टाकतो. आणि हे एकदाच घडून थांबत नाही. मैलोगणती, जेथे जेथे विमान त्या वेगाने जाईल तेथे तेथे, मार्गाच्या दोन्ही अंगांना मिळून ऐंशीएक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात प्रत्येकाला तो ऐकावा लागतो. इंग्रजीत या पट्ट्याला गालिचाची उपमा देतात. मराठीत आम्ही त्याला पायघडी म्हणू. थोरांच्या पायांखाली अंथरायची ती पायघडी. येथे ती इतरांच्या कौलांवर अंथरली जाते, एवढाच फरक.

अमेरिकेने हे १९६४ मध्येच अजमावून पाहिले होते. ओक्लाहोमा सिटी या शहरावर सहा महिने दिवसाला आठ या हिशेबाने साडेबाराशेवर धमाके मुद्दाम सोडण्यात आले. पंधरा हजारांवर तक्रारी आल्या, आणि अखेरीस सुमारे एक चतुर्थांश नागरिकांनी याची सवय होणे शक्य नाही असे सांगितले. प्रयोग करणाऱ्यांना तीन चतुर्थांश लोक सोसतील हा निष्कर्ष आशादायक वाटला होता! १९७३ मध्ये अमेरिकेने आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या स्वनातीत उड्डाणास बंदी घातली.

कॉन्कॉर्डची नियमित सेवा २१ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली. त्या दिवशीच्या दोन उड्डाणांपैकी एक लंडनहून बहारीनला होते. युरोपची भूमी ध्वनीहून कमी वेगाने ओलांडायची आणि एड्रियाटिक समुद्रावर आल्यावर मग वेग वाढवायचा, अशी त्याची चाल होती. डिसेंबर १९७७ मध्ये ब्रिटिश एअरवेज व सिंगापूर एअरलाइन्स यांनी हा मार्ग सिंगापूरपर्यंत नेला. मलेशियाने हरकत घेतल्याने तीन फेऱ्यांतच तो थांबला, १९७९ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि १९८० मध्ये बंद पडला. भारतीय हद्दीत स्वनातीत वेगास मुभा मिळाली नाही, हे त्या बंद पडण्याचे एक मोठे कारण.

बहारीन व सिंगापूर ही दोन ठिकाणे पृथ्वीगोलावर सर्वांत जवळच्या रेषेने जोडून पाहिली तर अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर भरते. कॉन्कॉर्डच्या पल्ल्यात ते बसते, परंतु फार मोठ्या वळशाला जागा उरत नाही. ही रेषा भारतात कोठे शिरते? रायगड जिल्ह्यात, दिवेआगरच्या किनाऱ्यावर. तेथून ती सातारा शहराजवळून विजापूरकडे जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग रेषेला चिकटून असतात असे नाही. तथापि मुभा मागितली जात होती ती कोणत्या प्रदेशासाठी, हे यावरून कळते. पायघडीच्या ऐंशी किलोमीटरांत श्रीवर्धन, महाड, रायगड किल्ला, महाबळेश्वर, वाई ही सर्व गावे येतात. वाईला त्या वेळी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे खंड निघत होते. आघाततरंगावरील मजकूर तपासताना संपादकांना तो ऐकताही आला असता. नवी मुंबई पट्ट्याच्या उत्तरेस राहते.

हा विनोद सातारा जिल्ह्यात फारसा चालला नसता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाला तेव्हा बारा वर्षेही झाली नव्हती. तावदाने थरथरली की घराबाहेर धावायचे, हे त्या भागातील एका पिढीच्या अंगात भिनलेले होते. दाब किती पास्कलने वाढला हा प्रश्न अशा माणसाला लागू पडत नाही.

भारत सरकारने मुभा नाकारली ती या माणसांच्या कळवळ्याने, असे आम्ही म्हणणार नाही. हवाई हद्दीची देवघेव हा सौद्याचा विषय असतो. मलेशियाच्या हरकतीमागे लंडनमधील उतरण्याच्या हक्कांचा तंटा होता, हे तेव्हाही बोलले जाई. शिवाय ज्या देशाच्या सरकारी कंपनीने दोन कॉन्कॉर्डवर हक्क सांगितला होता त्यानेच कॉन्कॉर्डला वाट नाकारावी, यात काळाची गंमतही आहे. टाटांना १९७८ मध्ये एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले गेले होते. हेतू काहीही असो, नकाराचा परिणाम न्याय्य झाला असे आमचे मत आहे. आत बसलेल्या शंभर जणांचे काही तास वाचावेत म्हणून खालच्या लाखो लोकांनी दचकायचे, आणि त्या लाखोंत तिकीट परवडणारा एकही नसावा, हा व्यवहार कोणत्याही गणिताने बरोबर येत नाही. कॉन्कॉर्ड अखेरपर्यंत मुख्यतः अटलांटिक महासागरावरचे विमान राहिले आणि २४ ऑक्टोबर २००३ रोजी त्याची प्रवासी सेवा संपली.

लष्करी विमानांना ही बंधने नाहीत, आणि तेथे युक्तिवादही वेगळा आहे. नाशिक जिल्ह्यात 'गूढ आवाजाने नागरिक भयभीत' अशी बातमी अधूनमधून येते. दिंडोरी, निफाडकडचे लोक घराबाहेर येतात, भूकंप की स्फोट अशी चर्चा होते, आणि पुढे ओझरच्या सुखोई विमानाच्या चाचणीचा उलगडा होतो. २० मे २०२० रोजी बंगळूरकरांनी असाच धमाका ऐकला व त्या संध्याकाळी संरक्षण मंत्रालयाने तो चाचणी-उड्डाणाचा असल्याचे सांगितले. विमान शहरापासून बरेच दूर होते. पायघडीची रुंदी लोकांना माहीत नसते, म्हणून आवाज गूढ ठरतो. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगढला निरोप घेतला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरलाच तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान उडाले. तेजस स्वनातीत आहे आणि त्याच्या आकाराचा हिशेब या देशात झालेला आहे. निफाडच्या द्राक्षबागांवरचे आवाज थांबतील असे त्यावरून दिसत नाही. चाचणीची वेळ आदल्या दिवशी गावात कळविणे, एवढे तरी अवघड नसावे.

नवी मुंबईत हा विषय परका वाटत नाही. येथल्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. ती सगळी ध्वनीहून सावकाश जाणारी. पण त्या धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरविली गेली, आणि सुरुंगातून हवेत निघतो तोही मुळात आघाततरंगच असतो. विमान उडण्याआधीच पंचक्रोशीतल्या घरांनी तो सोसला.

आता पुन्हा स्वनातीत प्रवासाची भाषा सुरू झाली आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठविण्याचा आदेश काढला. वेगावर मर्यादा घालण्याऐवजी आवाजावर घालावी, असा त्याचा रोख आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी नासाचे एक्स-५९ हे विमान प्रथम उडाले. त्याचे नाक विमानाच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे आहे. दाबाचे बदल एकमेकांवर चढून एकच धारदार तरंग होऊ नये, ते विखुरलेलेच जमिनीवर उतरावेत आणि धमाक्याऐवजी दूरच्या मोटारीचे दार लागल्याइतकाच आवाज व्हावा, अशी त्याची रचना आहे. पुढच्या टप्प्यात ते अमेरिकेतील निवडक वस्त्यांवरून नेण्यात यावयाचे आहे, आणि काय ऐकू आले, कितपत त्रास झाला, हे खालच्या रहिवाशांना विचारले जायचे आहे.